शिडाची बोट मुंबईहून गोव्याला नेताना

मुंबईतली वापरलेली यॉट गोव्यातल्या मित्राने विकत घेतली, की पहिला प्रश्न उभा राहतो तो ती न्यायची कशी हा. रस्त्याने न्यायची तर क्रेन लावून बोट उचला, डोलकाठी उतरवा, मोठा ट्रेलर शोधा आणि कीलसकट तिची उंची वाटेतल्या पुलांखालून जाते का ते मोजत बसा. अशा वेळी मित्रांपैकी कोणीतरी म्हणतोच, "आपणच नेऊ की समुद्रातून! चार दिवसांचं तर काम."

काम चार दिवसांचं नाही, पण जमण्यासारखं आहे. मुंबई ते पणजी हे अंतर समुद्रमार्गे सुमारे २२० सागरी मैल, म्हणजे ४०० किलोमीटरच्या आसपास. ३०-३५ फुटी यॉट सरासरी ताशी ५ सागरी मैल चालते असं धरलं तर न थांबता ४४ तास लागतात. रोज दिवसाउजेडी एक टप्पा केला तर सहा दिवस. योग्य ऋतूत वाराही पाठीशी असतो. ज्यांनी मुंबई बंदरात किंवा पणजीच्या मांडवी नदीत काही हंगाम शिडाची बोट चालवली आहे, अशा चार मित्रांच्या आवाक्यातली ही सफर आहे. ज्यांनी अजून शीड हाताळलेलं नाही त्यांनी आधी एखाद्या सेलिंग क्लबात रीतसर शिकावं आणि मगच या वाटेला जावं.

सहल आणि बोट पोचवणं यांत फरक आहे. सहलीत हवा बिघडली तर माघारी फिरता येतं. इथे बोट अनोळखी, मुक्काम अनोळखी आणि सोमवारी ऑफिस. बोटीवरचे वाईट निर्णय बहुधा दमलेल्या माणसांनी घाईत घेतलेले असतात. म्हणून निघण्याची तारीख, बोटीवर शब्द कोणाचा, थांबायचं कुठे, माघार कधी घ्यायची हे सगळं किनाऱ्यावर, निवांत बसून ठरवा आणि कागदावर लिहा. समुद्रात गेल्यावर फक्त त्या कागदाप्रमाणे वागायचं.

तारीख पंचांगात बघा

कोकण किनाऱ्यावर शिडाच्या बोटीसाठी सर्वांत भरवशाचा काळ डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत. या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा हलकेच वाहतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, तासभर शिडं लोंबकळतात आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो. गोव्याकडे जाताना तो मागच्या बाजूने मिळतो आणि संध्याकाळी मावळतो. गोव्याहून मुंबईला यायचं तर हाच वारा नाकावर येतो. त्यामुळे उलट दिशेच्या सफरीला जास्त दिवस आणि जास्त डिझेल धरावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा वायव्य वारा अधिक जोराचा होतो. मे उजाडला की बेत पुढच्या हंगामावर ढकला.

मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा पूर्वार्ध हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा काळ. डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला 'ओखी'मुळे केरळ आणि तमिळनाडूच्या मच्छीमार बोटींनी देवगड बंदरात आसरा घेतला होता. जून २०२० मध्ये 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दक्षिण अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची नुसती बातमी आली तरी निघू नका. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेचा लाटा-वाऱ्याचा अंदाज रोज सकाळ-संध्याकाळ बघायचा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर पुढे चर्चा नाही. त्या दिवशी नांगर उचलायचा नाही.

महिना ठरला की तिथी बघा. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. गोव्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. मुंबई बंदरातून ओहोटीबरोबर बाहेर पडलात तर प्रवाह तुम्हाला ढकलत नेतो; भरतीत निघालात तर इंजिन चालवूनही बोट रांगते. अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीची छापील कोष्टकं किंवा अॅप आहेतच, पण कोकणातला जुना हिशेबही मनात ठेवा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. एकादशीला सव्वाआठ, प्रतिपदेला पाऊण, तृतीयेला सव्वादोन. गोव्याकडे हीच भरती मुंबईपेक्षा साधारण तासभर आधी येते.

या हिशेबाने एक चांगली योजना अशी निघते: शुद्ध एकादशीला सकाळी साडेआठला, भरती भरून पाणी उतरायला लागताच, मुंबईहून सुटायचं. सहा दिवस प्रवासाचे आणि दोन दिवस राखीव धरले तर वद्य तृतीयेला दुपारी, चढत्या पाण्यावर, मांडवीच्या तोंडाशी पोचता. शिवाय मधल्या रात्री चांदण्याच्या. नांगरावर असताना बोट सरकते आहे का हे डोळ्यांनी दिसतं, याची किंमत पहिल्याच रात्री कळते.

बोट आधी ओळखा

वर्षानुवर्षं एका बोयाला बांधलेली बोट बंदरात चांगलीच दिसते. खरी परीक्षा उघड्या समुद्रावर पहिल्या दोन तासांत होते. म्हणून व्यवहार पुरा झाला तरी लगेच निघू नका. बोट पाण्याबाहेर काढून तळ, सुकाणू, कीलचे बोल्ट आणि पंख्याचा शाफ्ट तपासून घ्या. तळावरची शिंपली आणि शेवाळ खरवडलं नाही तर ताशी ५ मैलांची बोट साडेतीनवर येते आणि तुमचं सगळं वेळापत्रक कोलमडतं.

जुन्या बोटीच्या इंजिनात सर्वांत जास्त दगा देतो तो टाकीतला गाळ. बंदरात इंजिन सुरळीत चालतं, कारण गाळ तळाशी बसलेला असतो. बाहेर लाटांनी टाकी घुसळली की तो फिल्टरमध्ये येतो आणि इंजिन नेमकं खडकांजवळ किंवा जहाजांच्या मार्गात बंद पडतं. टाकी रिकामी करून धुवा, ताजं डिझेल भरा, आणि किमान चार फिल्टर, पाण्याच्या पंपाचे दोन इम्पेलर आणि एक पट्टा सोबत ठेवा. फिल्टर बदलून इंधनातली हवा काढायची कशी, हे चौघांपैकी दोघांना तरी धक्क्याला बांधलेल्या बोटीवर करून बघितलेलं हवं. ३० अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन मध्यम वेगात ताशी दोन ते तीन लिटर डिझेल पितं. पहाटे आणि रात्री वारा हलका, म्हणजे निम्मी वाट इंजिनावर जाणार हे धरूनच चला. तेवढ्या डिझेलवर आणखी निम्मं राखीव ठेवा.

डोलकाठीला धरणाऱ्या प्रत्येक तारेचं टोक बोटाने चाचपा. तुटलेला एखादा तंतू टोचला तर ती तार बदलायचीच. शॅकलच्या पिना तारेने बांधा. मेनसेलला रीफ घेऊन बघा; दोऱ्या गुंतल्या तर आत्ताच कळू दे. तळातून पाणी आत-बाहेर नेणारा प्रत्येक वॉल्व्ह उघडून-मिटवून बघा आणि शेजारी लाकडी गुडदी दोरीने बांधून ठेवा. हातपंप बसल्या जागेवरून चालतो का, रात्रीचे लाल-हिरवे दिवे लागतात का, बॅटरी रात्रभर टिकते का हे सगळं तपासा. त्यानंतर एक पूर्ण दिवस आणि एक संध्याकाळ बंदराबाहेर बोट चालवा. या दिवसात दहा तरी दोष सापडतील. ते दुरुस्त झाल्यावरच निघण्याच्या तारखेवर शिक्कामोर्तब करा.

तांडेल एकच

मच्छीमार बोटीवर तांडेल एकच असतो आणि त्याचा शब्द शेवटचा असतो. मित्रांच्या बोटीवर हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते. कॉलेजपासूनचे मित्र, प्रत्येकाला मत, आणि बोट ज्याची तो मालक. पण मालक म्हणजे तांडेल नव्हे. ज्याला या किनाऱ्याचा आणि रात्रीच्या समुद्राचा अनुभव सर्वांत जास्त, तो तांडेल. मालक त्या सहा दिवसांपुरता खलाशी. हे तोंडावर बोलून घ्या. खर्चाचंही तसंच. डिझेल, किराणा, परतीची तिकिटं मालकाने करावीत. नांगर हरवला, शीड फाटलं तर भरपाई कोणाची, हे आधी ठरलं असेल तर गोव्यात उतरल्यावरही मैत्री शाबूत राहते.

चौघं असाल तर दोघांची एक अशा दोन जोड्या करा, प्रत्येक जोडीत एक जाणता. दिवसा पहारा चार तासांचा, रात्री चालत असाल तर तीन तासांचा. पहारा नसलेल्याने झोपायचं. गप्पांना बसायचं नाही. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत डेकवर येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आणि हार्नेस बोटीला अडकवलेला, हा नियम तांडेलालाही लागू. निघण्याआधी माणूस पाण्यात पडल्याचा सराव करा. पाण्यात पोकळ डबा फेकून तो उचलून आणायचा: एकाने ओरडून सांगायचं, एकाने तरंगतं कडं टाकायचं, एकाने हाताचं बोट रोखून नजर न हलवता दाखवत राहायचं, सुकाणूवरच्याने जीपीएसचं बटण दाबून बोट फिरवायची. ओल्या कपड्यांतला माणूस वर ओढायला किती ताकद लागते याची कल्पना करत बसू नका. बंदरातच एकाला पाण्यात उतरवून बघा.

कागद आणि खबर

नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर या किनाऱ्यावरची प्रत्येक अनोळखी बोट प्रश्नार्थक नजरेने बघितली जाते, आणि ते योग्यच आहे. खरेदीखत, नोंदणी, विमा, रेडिओचा परवाना, मालक सोबत नसेल तर त्याचं अधिकारपत्र आणि प्रत्येकाचं ओळखपत्र, हे सगळं एका जलरोधक पिशवीत ठेवा. बोटीचं नाव, रंग, माणसांची यादी, मोबाइल क्रमांक आणि मुक्कामांची यादी एका पानावर टाइप करून महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचे बंदर अधिकारी, सागरी पोलीस आणि तटरक्षक दलाला निघण्यापूर्वी द्या, आणि पोचेची प्रत घ्या. गोव्यात हाच विषय पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे असतो. समुद्रात गस्तीची बोट जवळ आली तर वेग कमी करा, सगळे डेकवर या आणि विचारलं तेवढं नीट सांगा.

विमा कंपनीला मार्ग आणि तारखा लेखी कळवा. बंदरातल्या वापराचा विमा अशा प्रवासाला लागू असेलच असं नाही. आणि एक गोष्ट विसरू नका: भारतात सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगता येत नाही; उपग्रहावरून संदेश पाठवणारी खिशातली यंत्रंही यात येतात. परदेशातल्या मित्राने भेट दिलेलं असं यंत्र घरीच ठेवा.

मुक्काम: किल्ल्यांच्या आडोशाने

कोकणच्या वाटेवर मरिना नाही. रात्री नांगर टाकायचा आणि छोट्या होडीने काठावर जायचं. मग नांगर टाकायचा कुठे? उत्तर नकाशावर आधीच कोरलेलं आहे. खांदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग: जिथे शिडाच्या गलबतांना आसरा मिळतो तिथेच जलदुर्ग उभे राहिले. यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. पुढे मुंबई-गोवा आगबोटी याच किनाऱ्यावर हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरं घेत जात. तुमच्या बोटीच्या गरजा त्यांच्याहून फार वेगळ्या नाहीत.

पहिला टप्पा मुंबई ते राजपुरीची खाडी, सुमारे ४० मैल. बाहेर पडताना मोठ्या जहाजांचा मार्ग टाळा. मुंबई आणि न्हावाशेव्याला येणारी जहाजं तुमच्यासाठी वळू शकत नाहीत; मार्ग ओलांडायचाच असेल तर काटकोनात आणि झटपट. खांदेरी-उंदेरीच्या आसपास खडक आणि उथळ पाणी आहे. दोन बेटांच्या मधून जायचा मोह सोडा आणि खांदेरीच्या दीपस्तंभाला पूर्वेकडे ठेवून भरपूर बाहेरून जा. राजपुरीच्या खाडीत पाणी चांगलं आहे, मात्र दिघी बंदराची जहाजं ये-जा करतात. त्यांच्या वाटेत नांगर नको.

दुसरा टप्पा ३० मैलांचा, हर्णैपर्यंत. सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्यामध्ये वायव्य वाऱ्यापासून आडोसा मिळतो. तो मच्छीमार बोटींनी भरलेला असतो, म्हणून दुपारी लवकर पोचा आणि नांगर कुठे टाकू हे एखाद्या तांडेलाला विचारा. जाळी नाहीत आणि रात्री बोटी सुटण्याची वाट नाही, अशी जागा तो बरोबर दाखवतो. वाळूवरचा माशांचा लिलाव चुकवू नका. रात्रीचं जेवण तिथेच मिळेल.

तिसरा टप्पा जयगड, ३३ मैल. वाटेत दाभोळजवळ अंजनवेलच्या वायू टर्मिनलपासून लांब राहा. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. माहितगार सोबत नसेल तर आत शिरू नका. जयगडला कोळशाची प्रचंड जहाजं येतात, पण खाडीत आसरा उत्तम.

चौथा टप्पा सर्वांत लांब: जयगड ते विजयदुर्ग ४७ मैल. पहाटे चारला मतलई वाऱ्यावर निघालात तर दुपारी दोन-अडीचपर्यंत पोचता. वारा रुसला तर रत्नागिरीला, जयगडपासून २० मैलांवर, मिऱ्याच्या उपसागरात थांबता येतं. विजयदुर्गची वाघोटण खाडी म्हणजे या संपूर्ण वाटेवरचं सर्वांत चांगलं आश्रयस्थान. मराठ्यांच्या आरमाराची गोदी इथेच गिर्ये गावाजवळ होती. राखीव दिवसांपैकी एक इथे खर्च करा: झोपा, पाणी भरा, इंजिनचं तेल बघा, सगळ्या दोऱ्या तपासा.

पाचवा टप्पा मालवण, ३१ मैल. इथे चुकीला जागा नाही. सिंधुदुर्गाभोवती आणि मालवणच्या वाटेवर पाण्याखाली खडकांची रांग आहे. ऊन मागून किंवा डोक्यावरून पडत असताना, म्हणजे दुपारी, नाळीवर एकाला उभं करून अगदी हळू आत यायचं. शक्य झालं तर एखाद्या स्थानिक होडीवाल्याला पैसे देऊन पुढे घ्या. संध्याकाळी आत शिरूच नका; पोचायला उशीर होणार असेल तर वाटेतच देवगडला थांबा, ते विजयदुर्गपासून फक्त ११ मैलांवर आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, वाळूवरच टाकायचा.

सहावा आणि शेवटचा टप्पा ३८ मैलांचा, पणजीपर्यंत. वेंगुर्ल्यासमोर खोल समुद्रात खडकांचा समूह आहे. त्यावर दीपस्तंभ आहे, पण सगळे खडक त्याच्या पायथ्याशी नाहीत. उजेडात जा आणि पश्चिमेकडून मोठा वळसा घाला.

या यादीपुढे आणखी एक स्तंभ काढा: प्रत्येक मुक्कामाहून घरी कसं जायचं. रत्नागिरी, कणकवली, कुडाळ ही कोकण रेल्वेची स्थानकं बंदरांपासून एसटीने किंवा रिक्षाने गाठता येतात. दिवस संपले तर बोट जयगडला किंवा विजयदुर्गला चांगल्या नांगरावर, विश्वासू माणसाच्या देखरेखीखाली ठेवा, रेल्वेने घरी जा आणि पुढच्या शनिवारी परत या. बोटीला सोमवारी ऑफिस नसतं.

जाळी, रात्र आणि पंखा

दिवसा चालणाऱ्यालाही पहाटेचे दोन तास अंधारात काढावे लागतात. कोकणच्या समुद्रात रात्री मोठ्या जहाजांपेक्षा जाळ्यांची धास्ती जास्त. रायगडच्या किनाऱ्यावर खुंटांना बांधलेली डोल जाळी, पुढे दक्षिणेला पाण्यावर दूरवर पसरलेली तरंगती जाळी, शिवाय पुढे-मागे फिरणारे ट्रॉलर. लुकलुकणारा एखादा छोटा दिवा किंवा बावटा लावलेला बोया म्हणजे जाळ्याचं टोक. दुसरं टोक कुठे आहे ते कळेपर्यंत वेग कमी करा. ट्रॉलरच्या मागून कधीही जवळून जाऊ नका. दिवसा किनाऱ्यापासून पाच ते दहा मैल आणि अंधारात आणखी बाहेर राहिलात तर डोल जाळी आणि खडक दोन्ही चुकतात. एआयएस असेल तर मोठी जहाजं पडद्यावर दिसतात. मच्छीमार बोटी सगळ्याच दिसत नाहीत, त्यामुळे डोळ्यांना सुट्टी नाही.

पंख्यात जाळं अडकलं तर इंजिन लगेच बंद करा; जोर लावलात तर शाफ्ट वाकतो. आधी शिडावर बोट स्थिर करा. लाटा असतील तर कोणीही पाण्यात उतरू नये. शिडावरच जवळच्या आसऱ्यापर्यंत जा. पाणी शांत असेल तर एकाने कंबरेला दोर बांधून, मुखवटा लावून, धारदार सुरी घेऊन उतरायचं आणि दुसऱ्याने दोर हातात धरून फक्त त्याच्याकडे बघायचं. कापलेलं जाळं समुद्रात सोडू नका; बोटीवर घ्या. जाळं मच्छीमाराचं असतं, तो जवळपास असेल तर त्याला भेटून नुकसान भरून द्या.

पोट आणि झोप

पहिल्या दिवशी स्वयंपाक करायची उमेद कोणालाच नसते. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, केळी, गूळ, उकडलेली अंडी घरून आणा. दुसऱ्या दिवसापासून कुकरमध्ये खिचडी. पाणी माणशी रोज चार लिटर धरा आणि दोन राखीव दिवसांचं वेगळं ठेवा. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. ज्याला लागतंय त्याला सुकाणूवर बसवा आणि क्षितिजाकडे बघायला सांगा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो बोटीच्या तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट बघतो. म्हणून प्रत्येक वापरानंतर सिलिंडरचा वॉल्व्ह बंद, ही सवय पहिल्याच चहापासून लावा.

मदत मागायची वेळ

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे वाचलेले पोहत किनाऱ्याला लागेपर्यंत मुंबईला पत्ता नव्हता. पावसाळ्यात समुद्रात जाऊ नये हा तिचा एक धडा. दुसरा धडा हा की हाक मारायचं साधन हवंच. बसवलेला व्हीएचएफ रेडिओ, शिवाय हातातला एक जलरोधक. दोन्ही सतत १६ नंबरच्या चॅनेलवर. नोंदणी केलेला, ४०६ मेगाहर्ट्झवर संकेत पाठवणारा ईपर्ब. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही बोटीच्या आतल्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा. मोबाइल किनाऱ्यापासून काही मैलांपर्यंतच चालतो.

किनाऱ्यावर एक माणूस नेमा. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी त्याला नांगर टाकल्याचा निरोप गेला पाहिजे. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत निरोप आला नाही तर तो पोलिसांना आणि तटरक्षक दलाला कळवेल. त्याच्याकडे तुमच्या मुक्कामांची तीच एक पानी यादी असू द्या. आणि मदत मागायला उशीर करू नका. बुडायला लागल्यावर मागितलेल्या मदतीपेक्षा पाणी गुडघ्यापर्यंत असताना मागितलेली मदत लवकर पोचते.

मांडवीच्या तोंडाशी

शेवटच्या दोन मैलांत सगळे सैल पडतात, म्हणूनच हा भाग वेगळा. आग्वाद आणि काबो यांच्यामधून मांडवीत शिरताना तोंडाशी वाळूचा बांध आहे आणि तो सरकतो. भरती चढत असतानाच, उजेडात, खुणेच्या बोयांमधून या. चढत्या पाण्यात बोट रुतली तर थोड्या वेळाने आपोआप सुटते, उतरत्या पाण्यात रुतली तर पुढची भरती येईपर्यंत कलंडून पडते. वेळ चुकली किंवा लाटा फुटताना दिसल्या तर मुरगावच्या बंदराकडे जा आणि दुसऱ्या दिवशी या. त्या एका रात्रीचा कंटाळा बोट गमावण्यापेक्षा परवडतो.

पणजीत शिरल्यावर नदीत कॅसिनोच्या बोटी, फेऱ्या आणि पर्यटकांच्या होड्या यांची गर्दी असते; इंजिनावर सावकाश या. नवी जागा रायबंदर, दिवाडी किंवा जुन्या गोव्याकडे असेल तर वाटेत मांडवीचे पूल आडवे येतात. पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंची, वर अँटेना धरून, आधी मोजलेली हवी. डोलकाठी उतरवावी लागणार असेल तर क्रेन मुंबईहून निघण्यापूर्वीच ठरवा. याच दिवाडीतल्या रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई'ने २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांना एकट्याने जगाची फेरी घडवली आणि 'तारिणी'ने २०१७-१८ मध्ये नौदलातल्या सहा महिला अधिकाऱ्यांना. तेव्हा बोटीची पुढची देखभाल करायला जाणते हात या नदीवर नक्की आहेत.

बोट बांधून झाली की लगेच जेवायला पळू नका. वाटेत सापडलेले दोष, इंजिनचे तास, किती डिझेल उरलं, कुठली दोरी झिजली हे सगळं त्याच संध्याकाळी वहीत लिहून मालकाच्या हाती द्या. पाण्याचे वॉल्व्ह आणि गॅस बंद, बॅटरीचा मुख्य खटका बंद, दोन दोरांनी बोट पक्की. बंदर खातं, पोलीस आणि किनाऱ्यावरचा तो एक माणूस यांना पोचल्याचं कळवा. नाहीतर तुमच्या शोधात उगाच कोणाची तरी रात्र जाईल.

आणि हे सगळं वाचून वाटलं की आपल्या चौघांना इतकी तयारी जमणार नाही, तर अनुभवी व्यावसायिक तांडेलाला पैसे द्या आणि तुम्ही त्याचे खलाशी म्हणून जा. त्यात कमीपणा नाही. वाट तीच राहील, आणि पुढच्या वेळी बोट न्यायला तुम्ही स्वतः तयार असाल.